सात नंबरचा पोर्ट

अभिमन पाटील जळगावला जीवरामभाऊ चौधरींच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला होता. सव्वीस वर्षांचा, घर अमळनेरला, धुळ्याहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. विकायचं कसं ते जीवरामभाऊंना कळे आणि मशीनच्या आत काय चाललंय ते अभिमनला कळे, अशी दोघांत वाटणी होती. निदान अभिमनची तरी तशी समजूत होती.

१९९९ च्या एप्रिलमध्ये त्यांना औद्योगिक वसाहतीतल्या एका बियाणे कंपनीचं काम मिळालं. कंपनीत नऊ कॉम्प्युटर होते, एकमेकांना वायरींनी जोडलेले. सगळ्या वायरी ज्या पेटीत येत ती जुनी झाली होती. ती काढून तिथे नवा स्विच बसवायचा होता. तसला स्विच अभिमनने त्याआधी एकदाच पाहिला होता, तोही पुण्याला, प्रशिक्षणात. सोळा वायरींसाठी सोळा पोर्ट, प्रत्येकावर हिरवा दिवा. त्याने तो दोन दिवसांत बसवला. सोबतच्या पुस्तिकेत ‘फ्लो कंट्रोल’ नावाच्या एका सोयीबद्दल परिच्छेद होता. तो त्याने एकदा वाचला, नीट कळला नाही, पण सोय चांगली दिसते म्हणून सगळ्या पोर्टांना चालू करून टाकली. कंपनीचे मॅनेजर भंगाळे साहेब यांना दाखवताना मात्र पूर्ण कळल्यासारखं दाखवलं. साहेब खूश झाले. त्यांनी त्याला चहा पाजला आणि जाताना दारापर्यंत आले.

मे महिना सुरू झाला तसा कंपनीचा हंगाम आला. कपाशीचं बियाणं गाड्या भरभरून बाहेर जायला लागलं. प्रत्येक पिशवीवर लेबल लागे. त्यावर वाण, लॉट नंबर, उगवण किती टक्के, तारीख. लेबल नसेल तर पिशवी फाटकाबाहेर जायची नाही, हा साहेबांचा कडक नियम होता. ही लेबलं छापायचं काम बेबाबाईकडे होतं.

बेबाबाई पहूरहून रोज एसटीने यायची. चाळिशीच्या आतबाहेर वय, शिक्षण दहावी. अकरा वर्षं ती कंपनीच्या पॅकिंग शेडमध्ये पिशव्यांची तोंडं शिवायला होती. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून ती ऑफिसात यायची आणि लेबलं छापणाऱ्या मुलीच्या मागे उभी राहून बघत राहायची. त्या मुलीने तिला हळूहळू शिकवलं. पुढे मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हा साहेबांनी बेबाबाईलाच त्या खुर्चीवर बसवलं. स्टोअरमधल्या निंबा महाजनला ते रुचलं नव्हतं. तो बी.कॉम. झालेला होता आणि ती खुर्ची त्याला हवी होती. पण बेबाबाईचं काम चोख होतं. वर्षभरात एकही लेबल चुकीचं गेलं नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नेटवर्क बंद पडायला लागलं. सगळे कॉम्प्युटर एकदम थिजायचे, पाच-दहा मिनिटांनी आपोआप चालू झाल्यासारखे व्हायचे. दिवसातून एकदा, कधी दोनदा. अभिमन मोटरसायकलवरून यायचा तोवर सगळं ठीक झालेलं असे. त्याने वायरी तपासल्या, टोकं बदलली, सर्व्हर दोनदा बंद-चालू केला. काही सापडेना. साहेबांचा आवाज दर खेपेला थोडा चढत होता.

तिसऱ्या खेपेला तो टेबलाखाली वाकून वायर बघत होता, तेव्हा बेबाबाई खुर्ची मागे सरकवून म्हणाली, “भाऊ, एक सांगू का?”

“बोला.”

“आधी माझं मशीन थिजतं. लेबलचा प्रिंटर अडकला की थिजतं. मग दोनेक मिनिटांनी बठ्ठ्यांचं, सगळ्या ऑफिसचं थिजतं. मी माझं मशीन बटनावर बंद केलं की बठ्ठ्यांचं लगेच चालू होतं. मी चार-पाच वेळा करून पाहिलं. हा नवा डबा बसवला त्याच्या आधी असं होत नव्हतं.”

अभिमन टेबलाखालून बाहेर आला. एवढ्यातलं फक्त एकच वाक्य त्याच्या कानात राहिलं होतं.

“तुम्ही मशीन चालू असताना बटनावर बंद करता?”

“दुसरं काही चालतच नाही भाऊ. कीबोर्ड चालत नाही, माऊस हलत नाही.”

“असं बंद करायचं नसतं, बाई. कुणी सांगितलं तुम्हाला बंद करायला?”

तिने ड्रॉवरमधून एक कागद काढला. वाया गेलेल्या लेबलांचा लांब पट्टा होता, त्याच्या पाठीवर बॉलपेनने तारखा आणि वेळा लिहिल्या होत्या. “हे मी मांडून ठेवलंय. तुम्हाला उपयोगी पडेल.” त्याने तो घडी करून हत्यारांच्या पिशवीत टाकला आणि पुन्हा वाकला.

त्याच दुपारी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. निंबा आणि हिशेबातले दोघे आधीच तिथे होते. साहेब म्हणाले, “अभिमन, आता मला स्पष्ट सांग. दोष कुठे आहे? तुझ्या स्विचमध्ये?”

ती वेळ अभिमनला नंतर पुष्कळदा आठवली. त्याला माहीत नव्हतं, एवढंच खरं उत्तर होतं. पण चार माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि मला माहीत नाही हे शब्द त्याच्या तोंडून निघेनात.

“स्विच नवा आहे साहेब, त्यात काही नाही,” तो म्हणाला. “लेबलच्या मशीनवरच्या बाई चालू मशीन बटनावर बंद करतात. दिवसातून दोन-दोनदा. त्याने नेटवर्कला धक्का बसतो.”

“तरी मी म्हणत होतो,” निंबा म्हणाला. “पिशव्या शिवायचं काम वेगळं आणि हे वेगळं.”

साहेबांनी बेबाबाईला बोलावलं. तू मशीन मधेच बंद करतेस का, असं विचारलं. ती हो म्हणाली. का करते ते सांगायला लागली, पण साहेबांना फाटकावर उभ्या असलेल्या गाड्या दिसत होत्या. “उद्यापासून तू शेडमध्ये जा. लेबलं निंबा बघेल,” एवढं म्हणून ते फोनकडे वळले. बेबाबाईने एकदा अभिमनकडे पाहिलं. आता हा काहीतरी सांगेल, असं तिला वाटत असावं. अभिमन पुस्तिकेची पानं चाळत राहिला.

पुढचे चार दिवस तक्रार आली नाही. प्रिंटर अडकला नव्हता इतकंच, पण अभिमनला वाटलं आपलं खरं निघालं. पाचव्या दिवशी, शनिवारी, सकाळी अकराला फोन आला. सगळं बंद आहे, लगेच ये.

तो पोचला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. फाटकाबाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. चोपडा, यावल, पार साक्रीपर्यंतचे दुकानदार सावली शोधत भिंतीला टेकले होते. आत कूलरच्या घरघरीत सगळे हात बांधून बसलेले. निंबा लेबलच्या मशीनपुढे घामाघूम होऊन बसला होता. त्याचा पडदा थिजलेला होता.

“किती वेळ झाला?” अभिमनने विचारलं.

“तास होऊन गेला. मी बटनाला हात लावला नाही हं,” निंबा म्हणाला. “तुम्ही सांगितलं होतं.”

तास. आजवर नेटवर्क कधी दहा मिनिटांच्या वर बंद राहिलं नव्हतं. अभिमनने सोबत आणलेलं आपलं मशीन वायरने स्विचला जोडलं आणि पोर्टांचे आकडे काढून बघायला लागला. सात नंबरच्या पोर्टवर एक आकडा भराभर वाढत होता, लाखांच्या घरात. ते सगळे एकाच प्रकारचे इशारे होते. अर्थ एकच, थांब.

त्याने पिशवीतून पुस्तिका काढली. तिच्यासोबत बेबाबाईचा पट्टा बाहेर आला. आज पहिल्यांदा त्याने तो उलगडला. बारीक, गोल अक्षरात लिहिलं होतं. ‘ता. १२. प्रिंटर अडकला ११.१०. माझे मशीन बंद ११.११. हिशेबवाल्यांचे बंद ११.१३. मी बटन दाबले ११.२०. सगळ्यांचे चालू ११.२०.’ अशा सात नोंदी. शेवटी एक ओळ होती. ‘डब्यावर ७ नंबरचा दिवा तेव्हा लुकलुकत नाही, एकसारखा जळतो.’

मग त्याने तो परिच्छेद वाचला, बोट ठेवून, दोनदा. एखाद्या कॉम्प्युटरला येणारी माहिती झेपेना, तर त्याच्यातलं नेटवर्कचं कार्ड स्विचला सांगू शकतं, जरा थांब. स्विच थांबतो, त्या कॉम्प्युटरसाठी आलेलं स्वतःजवळ धरून ठेवतो. चांगलीच सोय. पण तो कॉम्प्युटर जर मेल्यासारखा थिजला आणि कार्ड मात्र जागंच राहिलं, तर ते थांब, थांब, थांब म्हणतच राहतं. स्विचची जागा धरून ठेवलेल्या मालाने भरून जाते. मग स्विचच सर्व्हरला म्हणतो, थांब. आणि सर्व्हर थांबला की सगळेच थांबले.

सात नंबरला लेबलचं मशीन होतं. ते बटनावर बंद केलं की कार्ड गप्प होई, आणि सगळे सुटत. बेबाबाई जे करत होती त्यानेच आजवर कंपनी दहा मिनिटांत चालू होत आली होती. आणि ती सोय सोळाही पोर्टांना चालू केली होती अभिमनने.

त्याने सात नंबरची वायर उपटली. मागून कुणीतरी म्हणालं, “आलं, आलं.” प्रिंटर खडखडायला लागले. त्याने सगळ्या पोर्टांची ती सोय बंद केली, वायर परत लावली. एवढ्याला तीन मिनिटं लागली.

भंगाळे साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “शाबास. काय होतं?”

“स्विचच्या सेटिंगमध्ये थोडी गडबड होती साहेब. काढली.”

“त्या बाईने सारखं बंद-चालू करून बिघडवून ठेवलं असेल.”

आता त्याला सगळं माहीत होतं. मागच्या वेळी माहीत नव्हतं, हे निदान खरं होतं. बेबाबाईच्या कागदाची घडी त्याच्या हातातच होती.

“असेल,” तो म्हणाला.

मोटरसायकल शेडच्या सावलीत लावली होती, त्यामुळे तिकडून जावं लागलं. पत्र्याच्या शेडमध्ये बायका ओळीने बसून पिशव्या शिवत होत्या. बेबाबाई कडेला होती. पदराने नाक बांधलेलं, हातांवर बियाण्याच्या औषधाचा गुलाबी रंग. त्याला पाहून तिने पदर खाली केला.

“चालू झालं का भाऊ?”

“हो.”

“बरं झालं. बाहेर लोक सकाळपासून उन्हात उभे होते.” मग तिने विचारलं, “मी मांडून दिलं होतं, ते कामी आलं का?”

शेजारच्या दोघीतिघी हात थांबवून ऐकत होत्या. अभिमन किक मारायच्या तयारीत होता.

“अजून बघितलं नाही,” तो म्हणाला आणि गाडी चालू केली.

त्या संध्याकाळी तो अमळनेरला घरी गेला. दर शनिवारी जायचा. आईने शेवभाजी केली होती, त्याच्या आवडीची. तो ताटावर बसून राहिला. आई म्हणाली, “काय व्हयनं रे भाऊ? बरं नही शे का?” तो म्हणाला, ऊन लागलं. आईने कांदा फोडून दिला, कपाळावर हात ठेवून पाहिला. त्या हाताखाली त्याला आणखीच कसंतरी झालं. ती बत्तीस वर्षं गावातल्या तेलाच्या कारखान्यात शेंगा निवडायला गेली होती. तिच्याबद्दल कुणी केबिनमध्ये बसून असं बोललं असतं तर, हा विचार त्याने पुरा होऊ दिला नाही. रविवारभर तो घरातच पडून राहिला.

पुढच्या आठवड्यात कंपनीत गेला तेव्हा शेडमध्ये बेबाबाई नव्हती. सोमवारपासूनच येत नाही, असं शेजारच्या बाईने सांगितलं. “एसटीत गावच्या बाया विचारत्या ना, खुर्चीवरून काहून उठवलं म्हणून. काय सांगेल ती.” ती बाई हे साधेपणाने बोलली. अभिमनवर तिचा काही रोख नव्हता. तिला काही माहीतच नव्हतं.

दुकानात येऊन त्याने जीवरामभाऊंना सगळं सांगितलं. भाऊ चष्मा काढून ऐकत होते.

“हे आणखी कोणाला माहीत आहे?”

“कोणाला नाही.”

“मग राहू दे की. काम चालू झालं ना? तू आता जाऊन सांगितलंस तर साहेब म्हणतील, यांनी आमचा भर हंगामात खोळंबा केला. पुढच्या वर्षीचं काम जाईल. आणि त्या बाईचं म्हणशील तर, हंगाम संपला की साहेबांना सांगून बघू.”

भाऊ वाईट माणूस नव्हते. त्यांचं बोलणं ऐकताना अभिमनला क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली. सकाळी तो दुकानात न जाता सरळ कंपनीत गेला.

केबिनमध्ये साहेब एकटे होते. तो म्हणाला, “साहेब, निंबाभाऊंना आणि हिशेबातल्या दोघांना बोलवता का? मी त्या दिवशी त्यांच्यासमोर बोललो होतो.” साहेबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि घंटी वाजवली. तिघे आले. अभिमनने उभ्यानेच सांगितलं. चूक स्विचच्या सेटिंगची होती, ती सेटिंग मी केली होती, न समजता केली होती. बाईंनी मशीन बंद केलं म्हणून नेटवर्क पडत नव्हतं, त्यांनी बंद केलं म्हणून ते उठत होतं. त्यांनी मला हे तोंडी सांगितलं, लिहूनही दिलं. मी ऐकलं नाही. शनिवारी मला सगळं कळलं होतं, तरी मी ‘असेल’ म्हणालो. त्याने कागदाचा पट्टा टेबलावर ठेवला.

निंबाने पट्टा उचलून वाचला आणि खाली ठेवला. त्याचं तोंड पडलं होतं.

भंगाळे साहेब म्हणाले, “मी तुझ्या शब्दावर तिला उठवलं. बारा वर्षं माझ्याकडे काम केलेली बाई, आणि मी तिचं बोलणंही पुरं ऐकलं नाही.” आवाज चढलेला नव्हता. “जीवरामभाऊंना सांग, यापुढे दुसरा माणूस पाठवा. आणि तिला बोलवायला मी कुणाला तरी पाठवतो.”

“मी जातो साहेब,” अभिमन म्हणाला.

पहूरला उतरला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. घर विचारत गेला. बेबाबाईचा नवरा पुना ओट्यावर दोर वळत बसला होता. त्याने पाणी दिलं, बाज ओढून दिली, बायकोला हाक मारली. बेबाबाई हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्याशी बसली. अभिमनने केबिनमध्ये सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. इथे ते जास्त अवघड गेलं, कारण ती मधे काही बोलत नव्हती.

त्याचं संपल्यावर तिने विचारलं, “ते थांब म्हणणारं कोण? माझं मशीन?”

“मशीनमधलं कार्ड. मशीन थिजल्यावर ते एकटंच बोलत राहायचं.”

“म्हणजे मी बटन दाबायची ते बरोबर होतं.”

“बरोबर होतं.”

“हे तिथे सांगितलं?”

“सांगितलं.”

“निंबाच्या समोर?”

“हो.”

तिने मान हलवली. पुनाचा दोर थांबला होता. तिने आणखी एक विचारलं, अगदी हळू. “शेडपाशी मी विचारलं, तुम्ही म्हणाले बघितलं नाही. तेव्हा बघितलेलं होतं?”

“हो.”

“बाकीचं असू द्या,” ती म्हणाली. “नवं यंत्र, नाही कळत माणसाला. साहेबांपुढे माणूस घाबरतो, तेही मला कळतं. पण मला खोटं सांगायचं तिथे काही कारण नव्हतं. मी तुमचं काय करणार होती?”

माफी मागायची म्हणून वाटेत अभिमनने दोन-तीन वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तिथे बोलता येईना. त्याने फक्त म्हटलं, “माझं चुकलं, अक्का.”

“सोमवारी येते म्हणून सांगा साहेबांना,” ती म्हणाली आणि आत गेली. पुनाने त्याला फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत तो पावसाच्या अंदाजाचं बोलत राहिला, दुसरं काही बोलला नाही. अभिमनला ते बरं वाटलं.

सोमवारी बेबाबाई खुर्चीवर बसली. पुढे तिच्याकडे सर्व्हरची किल्लीही आली, हे अभिमनला दुकानातल्या दुसऱ्या माणसाकडून कळलं. कंपनीचं काम गेलं नाही, पण जीवरामभाऊ बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलत. दिवाळीनंतर त्यांनी त्याला धुळ्याच्या कामावर धाडलं.

डिसेंबरात एका संध्याकाळी जळगावच्या स्टँडवर तो धुळ्याच्या गाडीची वाट बघत उभा होता. समोरच्या फलाटावर बेबाबाई होती, सोबत शेडमधली एक बाई. बेबाबाईने त्याला पाहिलं. ओळखल्यापुरती मान हलवली आणि पुन्हा सोबतिणीशी बोलू लागली. तिच्याजवळ जाऊन कसं चाललंय एवढं तरी विचारावं, असं त्याला वाटलं. पाय उचलला नाही. पहूरची गाडी लागली, दोघी चढल्या. धुळ्याची गाडी यायला अजून वेळ होता, आणि तो तिथेच पिशवी धरून उभा राहिला.